विद्यापीठीय कामकाज व कृत्रिम बुद्धिमत्ता

विद्यापीठीय कामकाज व कृत्रिम बुद्धिमत्ता : विद्यापीठातील अध्यापक व शिक्षकेतर सेवक यांना कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या साधनांचा परिचय करून देऊन ती नित्याच्या कामात विवेकाने वापरण्यास समर्थ करण्याची संघटित प्रक्रिया. हीत साधनांचे प्रशिक्षण, वापराचे नियम, गोपनीयतेचे रक्षण, परीक्षापद्धतीतील फेरबदल आणि सेवकांच्या शंकांचे निरसन यांचा अंतर्भाव होतो. केवळ यंत्र उपलब्ध करून देणे म्हणजे त्याचा स्वीकार नव्हे. साधन कोठे उपयोगी पडते, कोठे फसवते व कोणत्या ठिकाणी ते मुळीच वापरू नये, हे वापरणाऱ्यास स्वतः ठरविता आले, म्हणजेच स्वीकार झाला असे म्हणता येते. प्रस्तुत नोंदीत या प्रक्रियेचे सामान्य स्वरूप आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या म्हणजे खानदेशच्या संदर्भात तिला पडणाऱ्या मर्यादा यांचा विचार केलेला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ ही संज्ञा अमेरिकन गणितज्ञ जॉन मॅकार्थी (१९२७–२०११) व त्यांचे सहकारी यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या एका प्रस्तावात प्रथम योजिली व १९५६ च्या डार्टमथ येथील परिषदेनंतर ती रूढ झाली. पुढील सहा दशके हा विषय मुख्यतः संशोधकांचा राहिला. २०१७ मध्ये गूगलमधील संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना मांडली; तीमुळे प्रचंड लेखनसंग्रहावरून भाषेचे प्रतिमान तयार करणे सुकर झाले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या संस्थेने चॅटजीपीटी हे संभाषणात्मक साधन सर्वांसाठी खुले केले. त्यानंतर जेमिनी, कोपायलट इ. साधने आली. ही साधने विद्यापीठांनी मागविण्यापूर्वीच विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचली, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. यापूर्वीची बहुतेक शैक्षणिक साधने संस्थेकडून शिक्षकाकडे व शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे गेली होती. येथे क्रम उलटा झाला. त्यामुळे अध्यापकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न सवडीचा न राहता निकडीचा बनला.

कचेरीत नव्या यंत्राचा प्रवेश होताना शंका व विरोध निर्माण होणे भारतात नवीन नाही. १९८० नंतरच्या दशकात बँकांच्या संगणकीकरणास कर्मचारी संघटनांनी विरोध केला होता. वाटाघाटी व रंगराजन समितीच्या (१९८४) शिफारशी यांतून ते टप्प्याटप्प्याने घडून आले. महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याच्या एमएस-सीआयटी या पाठ्यक्रमाने खेड्यापाड्यांतील लक्षावधी व्यक्तींना संगणकाची तोंडओळख करून दिली व शासकीय सेवेतील संगणक अर्हता म्हणूनही त्याला मान्यता मिळाली. महाविद्यालयांच्या कार्यालयांतील आज वरिष्ठ पदांवर असलेल्या अनेक लिपिकांचे संगणकज्ञान या काळातील आहे.

साधनांचे स्वरूप : सध्या प्रचारात असलेली बहुतेक साधने भाषा-प्रतिमानांवर चालतात. प्रतिमान हे पुस्तकांच्या कपाटासारखे नसते; त्यात मजकूर जसाच्या तसा रचून ठेवलेला नसतो. कोणत्या शब्दखंडानंतर कोणता शब्दखंड येणे संभवनीय आहे, याचे संख्यात्मक संबंध त्यात साठविलेले असतात व त्यांच्या आधारे उत्तर क्रमाक्रमाने जुळविले जाते. यामुळे उत्तराची भाषा सफाईदार असते. परंतु भाषेची सफाई व विधानाची सत्यता यांचा परस्परांशी आवश्यक संबंध नसतो. अस्तित्वात नसलेला ग्रंथ, न झालेला न्यायनिवाडा किंवा चुकीचे वर्ष ही साधने पूर्ण आत्मविश्वासाने देऊ शकतात. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयाने अशा काल्पनिक निवाड्यांचे दाखले सादर केल्याबद्दल दोन वकिलांना व त्यांच्या संस्थेस मिळून ५,००० डॉलर दंड केला, हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. प्रबंधाची संदर्भसूची तपासणाऱ्या मार्गदर्शकास हाच धोका संभवतो. काही साधने आता महाजालावर शोध घेऊन उत्तरासोबत मूळ दुवे देतात. त्यामुळे पडताळणी सोपी होते. मात्र ती अनावश्यक ठरत नाही.

स्वीकाराची प्रक्रिया : नवी गोष्ट समाजात कशी पसरते, याचा पद्धतशीर अभ्यास शेतीपासून सुरू झाला. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील २५९ शेतकऱ्यांनी संकरित मक्याचे बियाणे केव्हा व का स्वीकारले, याची पाहणी ब्राइस रायन व नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. बियाण्याची पहिली माहिती बहुतेकांना विक्रेत्यांकडून मिळाली; पण ते पेरण्याचा निर्णय मात्र शेजाऱ्याच्या अनुभवावरून झाला, असे तीत दिसून आले. एव्हरेट रॉजर्स (१९३१–२००४) यांनी १९६२ मध्ये या विचारास व्यापक रूप दिले. नव्या गोष्टीचा सापेक्ष लाभ, प्रचलित रीतीशी तिचा मेळ, तिची गुंतागुंत, ती थोड्या प्रमाणात करून पाहण्याची सोय व तिचे फळ इतरांस दिसणे या पाच गुणांवर तिच्या प्रसाराचा वेग अवलंबून असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

खानदेशात या सिद्धांताचा पडताळा ठिबक सिंचन व ऊतिसंवर्धित केळी यांच्या प्रसारात येतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जळगाव परिसरात ठिबक संच व १९९० च्या दशकात ‘ग्रँड नैन’ जातीची ऊतिसंवर्धित रोपे यांचा प्रचार झाला. रावेर, यावल इ. तालुक्यांतील बागायतदारांनी प्रथम एखाद्या तुकड्यावर प्रयोग केला, शेजाऱ्याचा घड पाहिला व मगच सर्व क्षेत्र नव्या पद्धतीखाली आणले. विद्यापीठीय प्रशिक्षणाची दिशा यातून सूचित होते. सभागृहातील एका व्याख्यानाने सेवकास माहिती मिळते. त्याच विभागातील सहकाऱ्याने केलेले काम डोळ्यांसमोर आल्यावाचून तो ते साधन सहसा हाती घेत नाही. म्हणून प्रत्येक विभागातील एकदोन इच्छुक व्यक्तींना प्रथम तयार करून त्यांच्यामार्फत इतरांस शिकविण्याची पद्धत अधिक फलदायी समजली जाते.

खानदेशातील परिस्थिती : या भागातील उच्च शिक्षणाचा पाया १९४५ मध्ये सुरू झालेली जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय व अमळनेरचे प्रताप महाविद्यालय यांनी घातला. प्रारंभी मुंबई व १९४९ नंतर पुणे विद्यापीठाच्या कक्षेत असलेल्या या प्रदेशासाठी १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे व नंदुरबार (१ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचा भाग) हे तीन जिल्हे त्याच्या अधिकारक्षेत्रात येतात. त्यात जळगाव व धुळे यांसारखी शहरे आहेत, तसेच सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी गावेही आहेत. त्यामुळे एकाच परिपत्रकाने सर्व महाविद्यालयांची गरज भागत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापकास प्रतिमानाची अंतर्गत रचना जाणून घ्यावयाची असते. दुर्गम भागातील कला महाविद्यालयाचा प्रश्न वीज, जोडणी व उपलब्ध संगणकांची संख्या येथून सुरू होतो. अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणारे अध्यापक आहेत. त्यांना प्रशिक्षणाच्या दिवसांचे मानधन मिळत नसेल, तर प्रशिक्षण म्हणजे त्यांचा तेवढा तोटाच होय. योजना आखताना ही बाब सहज नजरेआड होते.

भाषेचा प्रश्न : या प्रदेशात प्रमाण मराठीबरोबर अहिराणी, लेवा बोली, गुजरी, भिली, पावरी, मावची इ. भाषा बोलल्या जातात. जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात खानदेशीचे वर्णन भिली भाषांच्या समवेत आलेले आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही आपली मातृभाषा असल्याचे सु. १८.६ लाख लोकांनी नोंदविले. तथापि या भाषांतील छापील व अंकीय मजकूर अल्प असल्याने भाषा-प्रतिमानांस त्यांचे ज्ञान तुटपुंजे असते. अहिराणीत उत्तर मागितल्यास साधन पुष्कळदा मराठी वा हिंदी वाक्यांत काही अहिराणी रूपे मिसळून देते. विद्यापीठास जिचे नाव आहे, त्या बहिणाबाईंना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते; त्यांची गाणी आप्तांनी टिपून ठेवली म्हणून ती १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ शकली. मौखिक परंपरेतील भाषा नोंदल्यावाचून यंत्रालाच काय, पुढच्या पिढीलाही मिळत नाही, हे त्यातून दिसते. अशा नोंदी करण्याचे कार्य येथील भाषाविभाग करू शकतात. मात्र सांगणाऱ्यांची संमती व त्यांचे श्रेय या गोष्टी त्यात पाळाव्या लागतात. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘भाषिणी’ या उपक्रमाचा भर प्रामुख्याने संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांवर आहे व खानदेशीचा त्या अनुसूचीत समावेश नाही.

मराठीच्या बाबतीतही दोन व्यावहारिक अडचणी आहेत. एक म्हणजे अनेक प्रतिमाने देवनागरी मजकुराचे इंग्रजीपेक्षा अधिक तुकडे पाडतात. परिणामी तेवढ्याच आशयास खर्च अधिक येतो. दुसरी अडचण जुन्या दप्तराची आहे. युनिकोड संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वी कार्यालयांतील मराठी मजकूर निरनिराळ्या खाजगी टंकांत तयार केला जात असे. पडद्यावर तो मराठी दिसला, तरी यंत्राच्या दृष्टीने ती रोमन चिन्हांची निरर्थक जुळणी असते. असे ठराव, इतिवृत्ते व परिपत्रके युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याखेरीज नव्या साधनांचा उपयोग होत नाही. हस्तलिखित साधनांची स्थिती याहून बिकट आहे. धुळे येथील इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ व समर्थ वाग्देवता मंदिर या संस्थांत जुन्या हस्तलिखितांचे मोलाचे संग्रह आहेत. मोडी लिपीचे यांत्रिक वाचन अद्याप विश्वसनीय झालेले नसल्याने मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाची जागा यंत्र घेऊ शकत नाही. प्राथमिक वाचनात साहाय्य मिळाले, तरी ते मूळ कागदाशी ताडून पहावे लागते.

अध्यापकांचे प्रशिक्षण : विद्यापीठ अनुदान आयोगाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून १९८६-८७ पासून अध्यापकांसाठी ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. २०१५ मध्ये त्यांस मानव संसाधन विकास केंद्रे असे नाव मिळाले व २०२३ मध्ये त्यांचे रूपांतर मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रांत झाले. युनेस्कोने २०२४ मध्ये शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक क्षमतांचा एक आराखडा प्रसिद्ध केला. मानवकेंद्री दृष्टी, नीती, मूलतत्त्वे व उपयोजन, अध्यापनपद्धती आणि व्यावसायिक विकास ही त्याची पाच अंगे असून ग्रहण, सखोलीकरण व निर्मिती अशा तीन पायऱ्यांत मिळून १५ क्षमता त्यात सांगितल्या आहेत.

प्रशिक्षणाचा प्रारंभ अध्यापकास ज्या विषयाचे पक्के ज्ञान आहे, त्यापासून करणे इष्ट असते. उदा., वनस्पतिविज्ञानाच्या अध्यापकाने केळीवरील करपा रोगासंबंधी वा भूगोलाच्या अध्यापकाने तापी खोऱ्यासंबंधी साधनास प्रश्न विचारून उत्तरातील चुका शोधाव्यात. अपरिचित विषयात साधन सर्वज्ञ भासते. परिचित विषयात त्याची मर्यादा लगेच कळते. त्यानंतर पाठटाचणाचा कच्चा मसुदा, एकाच संकल्पनेची सोपी व कठीण स्पष्टीकरणे, सरावासाठी प्रश्नसंच, इंग्रजी लेखाचा मराठी गोषवारा अशी कामे घेता येतात. या प्रत्येक कामात अखेरची जबाबदारी अध्यापकाची असते. विद्यार्थ्यांची उत्तरे गुणांकनासाठी साधनाच्या स्वाधीन करणे मात्र वेगळ्या कोटीतील बाब होय. त्यात विद्यार्थ्याच्या भवितव्याचा निर्णय गुंतलेला असतो व निर्णयाची कारणे विचारण्याचा त्याचा हक्क यंत्राकडे बोट दाखवून टाळता येत नाही.

शिक्षकेतर सेवक : विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी पहिला व अखेरचा संबंध कार्यालयाशी येतो. प्रवेश, पात्रता, परीक्षा अर्ज, गुणपत्रक, स्थलांतर प्रमाणपत्र ही कामे लिपिकवर्ग करतो. तरीही प्रशिक्षणाच्या चर्चेत त्याचा विचार पुष्कळदा शेवटी होतो. परिपत्रकाचा मसुदा, बैठकीच्या टिपणांवरून इतिवृत्त, दीर्घ शासननिर्णयाचा सारांश, वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे, तक्त्यांची जुळणी या कामांत नव्या साधनांचे साहाय्य मोठे असते. सारांशात एखादी तारीख वा अट गळाली, तर मात्र त्याचे परिणाम विद्यार्थ्यास भोगावे लागतात. म्हणून मूळ शासननिर्णय समोर ठेवून सारांश तपासण्याची सवय ही प्रशिक्षणाची पहिली पायरी मानतात.

सेवकांच्या मनात दोन भीती असतात : आपले पद जाईल ही एक व चूक झाल्यास दोष आपल्यावर येईल ही दुसरी. पहिलीचे उत्तर प्रशासनाने स्पष्ट धोरणाने द्यावयाचे असते. वाचलेला वेळ कोणत्या कामासाठी वापरला जाईल, हे आधी सांगितले नाही, तर प्रशिक्षणाकडे संशयाने पाहिले जाते. दुसरीचे उत्तर लेखी नियमांत असते. कोणत्या कामास साधन चालेल, कोणता मसुदा कोणी तपासावयाचा व सही कोणाची, हे ठरलेले असल्यास कनिष्ठ लिपिकावर अवास्तव भार पडत नाही. वयाने ज्येष्ठ सेवकांस कार्यालयीन रिवाजांचे सूक्ष्म ज्ञान असते. साधनाने तयार केलेल्या मसुद्यातील उणीव तेच चटकन ओळखतात, असे लक्षात घेऊन ज्येष्ठ व तरुण सेवकांच्या जोड्या करणे उपयुक्त ठरते.

गोपनीयता : सार्वजनिक साधनात टाकलेला मजकूर संस्थेबाहेरील यंत्रणेकडे जातो. विद्यार्थ्याचे नाव, आसन क्रमांक, कायम नोंदणी क्रमांक, जात प्रमाणपत्र, वैद्यकीय कागद, न उघडलेली प्रश्नपत्रिका, निवड समितीचे टिपण यांपैकी काहीही त्यात घालू नये, असा दंडक आवश्यक ठरतो. उदा., फेरमूल्यांकनाच्या अर्जास उत्तर तयार करावयाचे असल्यास नाव व क्रमांक वगळून केवळ नियम व तक्रारीचा प्रकार सांगितला, तरी मसुदा मिळतो. तपशील नंतर हाताने भरता येतात. अंकीय व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. संस्थेने करार करून घेतलेले साधन व सेवकाने स्वतःच्या भ्रमणध्वनीवर उघडलेले मोफत साधन यांतील भेद प्रशिक्षणात स्पष्ट करणे यामुळे अगत्याचे झाले आहे.

परीक्षा व प्रामाणिकता : विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यविषयक विनियम २०१८ चे असून त्यांत मजकुरातील साम्याच्या प्रमाणानुसार चार स्तर ठरविलेले आहेत, १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नाही. साधनाने लिहिलेला मजकूर कोणत्याही एका ग्रंथाशी जुळत नसल्याने साम्य मोजणाऱ्या आज्ञावलीस तो सहसा सापडत नाही. यावर उपाय म्हणून यंत्रलिखित मजकूर ओळखणारी साधने निघाली. परंतु ती भरवशाची नाहीत. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये काढलेले असे साधन अचूकता कमी असल्याने त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या व्यक्तींनी परीक्षेत स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना देण्यात आले, तेव्हा सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्रलिखित ठरविले गेले. मर्यादित शब्दसंग्रह व साधी वाक्यरचना हेच त्याचे कारण होय.

खानदेशातील महाविद्यालयांच्या दृष्टीने या निष्कर्षास विशेष महत्त्व आहे. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारा, शाळेत मराठी शिकलेला व पदवीसाठी इंग्रजीत लिहिणारा विद्यार्थी नेमकी अशीच साधी इंग्रजी लिहितो. केवळ यंत्राच्या अहवालावरून त्याच्यावर ठपका ठेवल्यास प्रामाणिक श्रमाला शिक्षा मिळेल. त्यामुळे अहवाल हा फार तर चौकशीचा प्रारंभ समजावा, पुरावा समजू नये, असे तज्ञांचे मत आहे. तोंडी परीक्षा, वर्गात लिहून घेतलेला मसुदा, लेखनाच्या निरनिराळ्या टप्प्यांची नोंद, स्थानिक क्षेत्रपाहणीवर आधारलेले प्रकल्प हे अधिक न्याय्य पर्याय होत. गावातील विहिरींची पातळी, आठवडे बाजारातील भाव वा आजीकडून ऐकलेल्या ओव्या यांवरील प्रकल्पात विद्यार्थ्यास स्वतः जाऊन पहावे व ऐकावे लागते. साधनाचा उपयोग केल्यास तो कोठे व किती केला, हे विद्यार्थ्याने व अध्यापकानेही नमूद करण्याची प्रथा इष्ट मानली जाते.

संस्थात्मक रचना : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या प्राधिकरणांत विद्यापरिषद, अभ्यासमंडळे, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांबरोबर माहिती तंत्रज्ञान मंडळाचाही समावेश आहे. अभ्यासक्रमातील बदल, परीक्षेचे नियम व साधनांची निवड या तीन बाजू अशा वेगवेगळ्या मंडळांकडे येत असल्याने त्यांच्यात समन्वय नसल्यास परस्परविरोधी सूचना निघण्याचा संभव असतो. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सु. १०,३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडियाएआय’ मोहिमेस मान्यता दिली. राष्ट्रीय पातळीवरील अशा योजनांचा लाभ लहान महाविद्यालयापर्यंत पोहोचणे हे पुष्कळ अंशी विद्यापीठाच्या मध्यस्थीवर अवलंबून राहते. ज्या महाविद्यालयांत सामग्री अपुरी आहे, तेथे तालुक्याच्या ठिकाणी सामाईक केंद्र, मराठीतून छोट्या पुस्तिका व महिन्यातून एकदा शंकानिरसन यांसारखे अल्पखर्ची उपाय योजता येतात.

मूल्यमापन : प्रशिक्षणास किती जण उपस्थित होते, या आकड्यावरून त्याचे यश ठरत नाही. सहा महिन्यांनंतर किती सेवक साधन वापरतात, कोणत्या कामासाठी वापरतात, चुका किती आढळल्या व विद्यार्थ्यास प्रमाणपत्र मिळण्याचा कालावधी घटला काय, हे पाहणे आवश्यक असते. विचारपूर्वक नकार हाही प्रशिक्षणाचा एक यथार्थ परिणाम समजावा लागतो. आपल्या विशिष्ट कामास साधन योग्य नाही, असे एखाद्या अध्यापकाने अनुभवाने ठरविल्यास त्याला मागासलेला म्हणता येत नाही. साधने झपाट्याने बदलत असल्याने कोणत्याही एका साधनाचे कौशल्य अल्पकाळ टिकते. मूळ कागदाशी पडताळणी, विद्यार्थ्याच्या माहितीची जपणूक व निर्णयाची जबाबदारी स्वतःकडे ठेवणे या सवयी मात्र साधन बदलले, तरी उपयोगी पडतात.

पहा : अहिराणी, उच्च शिक्षण, कृत्रिम बुद्धिमत्ता, खानदेश, परीक्षापद्धती, संगणक.